संपत्ती, दारिद्र्य आणि सदसद्विवेक : जॉन वूलमनचे आत्मपरीक्षण

धनवान मनुष्याने आपल्या धनाचे काय करावे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात अगदी आरंभापासून विचारला गेला आहे. मालमत्ता विकून गोरगरिबांना वाटून टाक, असे येशूने सांगताच खिन्न मनाने परत फिरलेला श्रीमंत तरुण शुभवर्तमानाच्या वाचकांना परिचित आहे. या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने मुख्यतः दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर सर्वस्वत्यागाचे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील असिसी नगरात एका कापड-व्यापाऱ्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, वडिलांची संपत्ती नाकारून दारिद्र्याचे व्रत घेतले. ते या मार्गाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. दुसरे उत्तर दानधर्माचे. न्याय्य मार्गाने मिळवावे, आपल्यापुरते ठेवावे आणि उरलेल्यातून गरजूंना द्यावे, असा हा मार्ग आहे.

पहिला मार्ग फार थोड्यांना झेपतो. दुसरा पुष्कळांना झेपतो. परंतु त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. दान देण्याजोगी ही संपत्ती मुळात आली कोठून? ती मिळवताना ज्यांचे श्रम खर्ची पडले, त्यांना त्यांचा वाटा मिळाला काय? आणि ज्याला आपण दान देतो, तो आपल्याच सुखसोयींमुळे गरीब राहिलेला नाही ना? हे प्रश्न घरसंसार आणि धंदा न सोडता, स्वतःच्या रोजच्या व्यवहारातील एकेका बाबीला लावून पाहणारा एक मनुष्य अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव जॉन वूलमन. प्रस्तुत प्रकरणात त्याच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आपण समजून घेणार आहोत.

१. एक विक्रीखत

वूलमनचा जन्म १७२० साली न्यू जर्सी या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत एका शेतकरी कुटुंबात झाला. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा पंथ उदयास आला. या पंथाचे अनुयायी पगारी धर्मोपदेशक ठेवत नसत. ते उपासनेसाठी एकत्र जमून शांत बसत. कोणाला अंतःकरणातून प्रेरणा झालीच, तर तो उठून बोले. प्रत्येक मनुष्याच्या ठायी ईश्वरी प्रकाशाचा अंश असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या मासिक आणि वार्षिक सभांत सदस्यांच्या आचरणासंबंधी ठरावीक प्रश्न वाचले जात आणि प्रत्येकाने ते स्वतःला विचारून पाहावेत अशी अपेक्षा असे. आत्मपरीक्षण ही त्यांच्या दृष्टीने एखाद्या संकटाच्या वेळी करावयाची गोष्ट नव्हती. तो नित्याचा परिपाठ होता.

वयाची एकविशी गाठल्यावर वूलमन माउंट हॉली या गावातील एका दुकानदाराकडे वार्षिक कराराने कामाला राहिला. दुकान सांभाळणे आणि हिशेबाच्या वह्या लिहिणे हे त्याचे काम. मालकाजवळ एक कृष्णवर्णी गुलाम स्त्री होती. एके दिवशी मालकाने तिला विकले आणि वूलमनला विक्रीखत लिहावयास सांगितले. गिऱ्हाईक समोरच थांबलेले होते. वूलमन चपापला. आपल्यासारख्याच एका मानवी जीवाच्या गुलामीचा कागद लिहिणे त्याच्या मनाला पटेना. परंतु आपण वर्षभराचे बांधलेले नोकर आहोत, मालकाचा हुकूम आहे आणि विकत घेणाराही आपल्याच पंथातला एक वयोवृद्ध गृहस्थ आहे, असा विचार त्याने केला आणि कागद लिहून दिला. मात्र त्याच वेळी मालक आणि तो गृहस्थ या दोघांच्या देखत, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते, एवढे तो बोलून गेला. बोलल्यामुळे मनाची तळमळ थोडी कमी झाली. पण सरळ नकार दिला असता तर आपण अधिक निर्दोष ठरलो असतो, ही बोच कायम राहिली.

या प्रसंगातील तीन कारणे वाचकाने नीट पाहावीत. मी नोकर आहे. वरिष्ठांची आज्ञा आहे. प्रतिष्ठित माणसेही हेच करतात. अन्यायात सहभागी होणारा सज्जन मनुष्य बहुधा याच तीन कारणांच्या आडोशाला उभा राहतो. वूलमनचे वेगळेपण असे की, त्याने तो आडोसा पुन्हा घेतला नाही. पुढे एका तरुण क्वेकराने असाच कागद लिहून मागितला, तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला.

त्यानंतरचा एक प्रसंग अधिक बोलका आहे. जबर मुका मार लागलेल्या एका शेजाऱ्याने त्या काळच्या उपचारपद्धतीप्रमाणे रक्त काढण्यासाठी वूलमनला बोलावले आणि ते झाल्यावर मृत्युपत्रही लिहून घेतले. त्यात एका तरुण गुलाम मुलीची वाटणी होती. वूलमनने तेवढा भाग वगळून बाकीचे मृत्युपत्र लिहिले, त्याचा मोबदला घेतला नाही आणि उरलेले आपल्याच्याने लिहवणार नाही असे स्नेहभावाने सांगितले. दोघांत गंभीरपणे बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले आणि मृत्युपत्र पूर्ण झाले. येथे वूलमनने शेजाऱ्याला उपदेश केलेला नाही. आपला हात कोठे थांबतो, एवढेच त्याने दाखवले. आणि त्या थांबलेल्या हातामुळे शेजारीही विचार करू लागला.

२. वाढता धंदा

पुढे वूलमनने शिवणकाम शिकून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. प्रथम तो कपड्यांना लागणारे किरकोळ सामान विकी. नंतर कापडही ठेवू लागला. सचोटीमुळे धंदा वाढत गेला आणि मोठा व्यापारी होण्याची वाट समोर मोकळी दिसू लागली. आणि नेमके हेच त्याला ओझे वाटू लागले.

दुकानदार या नात्याने त्याने एक गोष्ट जवळून पाहिली होती. आपल्या ऐपतीबाहेरचे कपडे आणि मद्य यांच्या पायी लोक कर्जात बुडत होते. म्हणून केवळ हौस पुरवणाऱ्या वस्तू विकणे त्याला रुचत नसे, आणि हलाखीतल्या गिऱ्हाइकाला तो कमी किमतीची पण टिकाऊ वस्तू घेण्याचा सल्ला देई. अखेर १७५६ च्या सुमारास त्याने विक्रीचा व्यवहार आवरता घेतला. गिऱ्हाइकांना आगाऊ कळवले, म्हणजे त्यांना दुसरे दुकान पाहण्यास अवधी मिळेल. त्यानंतर हाताखाली एकही उमेदवार न ठेवता तो एकटाच शिवणकाम करू लागला आणि जोडीला सफरचंदाच्या झाडांची निगा राखू लागला. पत्नी सॅरा आणि मुलगी मेरी यांचा संसार तेवढ्यात भागत होता.

या निर्णयाला त्याग म्हणणे पुरेसे होणार नाही. त्यामागे एक निश्चित विचार होता. गरजा वाढल्या की मिळकत वाढवावी लागते. मिळकत वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या श्रमावर अधिक भार टाकावा लागतो. आणि एकदा ही सवय जडली की तो भार दिसेनासा होतो. म्हणून आपल्या गरजांचे माप आपणच ठरवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

३. पाहुणचाराची किंमत

१७४६ मध्ये आणि पुन्हा १७५७ मध्ये वूलमनने दक्षिणेकडील वसाहतींत, मेरीलँड, व्हर्जिनिया या भागांत, धर्मप्रवास केला. क्वेकरांच्या रीतीप्रमाणे प्रवासी बांधवाला घरोघरी फुकट जेवणखाण आणि मुक्काम मिळे. परंतु तेथील पुष्कळ घरांत स्वयंपाक, धुणीभांडी, शेतीभाती सर्व काही गुलामांच्या श्रमावर चाले. आपण येथे फुकट जेवलो तर आपले पैसे वाचतात, आणि हे पैसे वास्तविक मजुरी न मिळालेल्या माणसांचे आहेत, असा हिशेब वूलमनने मांडला.

म्हणून दुसऱ्या प्रवासाला निघताना त्याने चांदीची लहान लहान नाणी बरोबर घेतली. निरोप घेताना तो यजमानाला बाजूला बोलावून, ज्या गुलामांना देणे योग्य वाटेल त्यांना हे पैसे द्यावेत, अशी विनंती करी. काही वेळा स्वतःच्या हाताने त्यांना देई. यजमानाला अवघडल्यासारखे होई, आणि वूलमनलाही. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले त्यालाच असे सांगणे सोपे नव्हते. तथापि त्याची ही कृती निंदेची नव्हती. गुलाम हाही मजूर आहे आणि मजुराला मजुरी मिळाली पाहिजे, एवढे साधे सत्य ती यजमानासमोर ठेवीत होती.

गुलामगिरीविरुद्धची आपली पुस्तिका वूलमनने १७५४ साली प्रसिद्ध केली. तिचा दुसरा भाग १७६२ मध्ये निघाला. १७५८ साली फिलाडेल्फिया येथील क्वेकरांच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला, तेव्हा अनेकांनी अजून थांबावे असे सुचवले. वूलमनने विलंबाला विरोध केला. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना पंथाच्या कारभारात भाग घेता येणार नाही, असे त्या सभेत ठरले. आणि गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना घरी जाऊन भेटण्यासाठी नेमलेल्या मंडळींत वूलमनचा समावेश झाला. पुढे १७७६ मध्ये याच सभेने आपल्या सदस्यांना गुलाम बाळगण्याचीच मनाई केली. ते पाहण्यास वूलमन हयात नव्हता.

४. श्रीमंतांसाठी एक निबंध

संपत्तीविषयीचे वूलमनचे विचार गरिबांची बाजू मांडणाऱ्या त्याच्या एका निबंधात सलगपणे आले आहेत. हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७९३ साली प्रथम छापला गेला. त्यातील मांडणी थोडक्यात अशी सांगता येईल.

पृथ्वी ईश्वराची आहे; मनुष्य तिचा केवळ विश्वस्त आहे. सर्वांनी बेताने श्रम केले आणि बेताने उपभोग घेतला, तर कोणालाही अतिश्रम करावे लागणार नाहीत, इतके या पृथ्वीवर आहे. मग काही माणसे आणि जनावरे शक्तीबाहेर का राबतात? कारण दुसऱ्या काहींना गरजेपेक्षा अधिक हवे असते. जमीनदार खंड वाढवतो, कारण त्याला ऐषआराम हवा असतो. तो खंड फेडण्यासाठी कूळ अधिक राबते, बैल-घोडे अधिक राबवते आणि ज्यांना मजुरीवर लावते त्यांनाही कमी देते. अशा रीतीने वरच्या माणसाच्या एका शौकाचे ओझे खाली खाली सरकत शेवटी सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर येऊन बसते.

वंशपरंपरागत मालकीची कल्पनाही त्याने तपासून पाहिली आहे. वीस माणसांनी एक निर्जन बेट शोधले आणि त्याची सारखी वाटणी केली, असे समजा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढच्या पिढ्यांसाठी सर्वांच्या सोयीने व्यवस्था लावली. परंतु एकाने आपला वाटा एका लाडक्या वारसालाच दिला आणि हीच रीत त्याच्या घराण्यात चालू राहिली. काही शतकांनी त्या घराण्यातील एक जण विस्तीर्ण जमिनीचा धनी असेल आणि सभोवतालचे अनेक लोक त्याची कुळे असतील. कागदोपत्री त्याचा हक्क निर्वेध आहे. पण ईश्वरासमोर तो हक्क कितपत टिकेल? कायद्याने आपले असलेले सर्वच नीतीनेही आपले असते काय, हा प्रश्न वूलमन येथे उभा करतो.

हा विचार त्याला प्रत्यक्ष अनुभवातूनही सुचला होता. १७६३ मध्ये तो सस्क्वेहाना नदीच्या काठी मूळ रहिवाशांच्या वस्तीला भेट देण्यास गेला. वाटेत सरहद्दीवर त्याने गोरे वसाहतवाले पाहिले. मूळ रहिवाशांना मद्य विकून नाडणारे हे लोक स्वतः गरीब होते. जुन्या वस्त्यांतील श्रीमंतांनी जमिनीचे खंड भारी ठेवल्यामुळे ते सरहद्दीकडे लोटले गेले होते. शहरातील दिवाणखान्याची सजावट आणि रानातील कलह यांना जोडणारा धागा त्याला असा दिसला. युद्धाची बीजे आपल्या घरातील चीजवस्तूंत तर नाहीत ना, हे शोधून पाहण्याचे आवाहन त्याने केले, ते याच अर्थाने.

५. साडेचार वर्षांचे ऋण

दुसऱ्याचे दोष दाखवणारे आत्मपरीक्षण हे आत्मपरीक्षणच नव्हे. वूलमनच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्याच एका जुन्या व्यवहारात लागली.

एका मृत बांधवाच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे काम पूर्वी कधीतरी त्याच्याकडे आणि आणखी एकाकडे आले होते. त्या इस्टेटीत एक कृष्णवर्णी मुलगा होता. वय वर्षे ३० होईपर्यंत त्याने चाकरी करावी, या अटीवर दोघांनी त्याला विकले आणि आलेले पैसे इस्टेटीत जमा केले. वूलमनला यातून एक छदामही मिळाला नव्हता. त्या काळच्या मानाने हा व्यवहार सौम्यच म्हटला गेला असता; कारण मुलगा पुढे मुक्त होणार होता.

परंतु १७६९ च्या सुमारास ही गोष्ट वूलमनच्या मनाला डाचू लागली. गोऱ्या अनाथ मुलाला २१ वर्षांपर्यंतच बांधून ठेवतात. मग या मुलाची २१ ते ३० ही ९ वर्षे कोणाच्या हिशेबात? ती आपण त्याच्याकडून काढून घेतली, असा निष्कर्ष त्याने काढला. विक्री दोघांनी केली होती. म्हणजे ९ वर्षांपैकी निम्मा भार, अर्थात साडेचार वर्षे, आपल्यावर आहे. तेव्हा त्याने एक रोखा लिहून दिला. त्या तरुणाच्या चाकरीच्या अखेरच्या साडेचार वर्षांबद्दल निःपक्षपाती माणसे जी रक्कम ठरवतील, ती त्याच्या मालकाला देण्याची जबाबदारी त्याने या रोख्याने पत्करली. हेतू हा की, तो तरुण तितका काळ आधी मोकळा व्हावा.

पश्चात्ताप बहुधा शब्दांत होतो आणि शब्दांतच विरून जातो. वूलमनने पश्चात्तापाचे परिमाण काढले. चूक किती वर्षांची, तीत आपला वाटा किती, आणि ती आता कोणत्या मार्गाने भरून काढता येईल, असे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारले. ज्याने तारुण्यात हिशेबाच्या वहीशेजारी बसून विक्रीखत लिहिले होते, त्याने उतारवयात तीच हिशेबाची विद्या स्वतःविरुद्ध वापरली.

६. इंग्लंडमधील अखेरचे महिने

१७७२ च्या वसंतात वूलमन इंग्लंडला निघाला. जहाजावरील उत्तम खोल्यांच्या बाहेरचे कोरीव नक्षीकाम पाहून, या शोभेचा खर्च आपल्या भाड्यातून वसूल होणार हे त्याला खटकले. म्हणून तो खालच्या भागात खलाशांबरोबर राहिला. तेथील ओलसर कोंदट हवा आणि पोरसवदा खलाशांचे हाल त्याने पाच आठवड्यांहून अधिक काळ स्वतः अनुभवले.

इंग्लंडमध्ये तो पायीच हिंडला. वेगवान टपालगाड्यांसाठी घोडे मरेपर्यंत पिटाळले जातात आणि टपाल नेणारी मुले हिवाळ्याच्या रात्री गारठून दगावतात, हे कळल्यावर त्याने त्या गाड्यांतून प्रवास करण्याचे टाळले. इतकेच नव्हे, तर किरकोळ कारणासाठी आपल्याला टपालाने पत्र पाठवू नये, असेही बांधवांना कळवले.

गावोगावी तो मजुरी आणि बाजारभाव यांची चौकशी करी आणि टिपून ठेवी. लंडनच्या बाजूच्या काही परगण्यांत मजुराला दिवसाला १० पेन्स मिळत आणि अन्न त्याचे त्यालाच पाहावे लागे. राय धान्याचा भाव बुशेलला सुमारे ५ शिलिंग, गव्हाचा ८ शिलिंग. गरिबाच्या घराचे भाडे वर्षाला २५ ते ४० शिलिंग. १२ पेन्सचा एक शिलिंग हे लक्षात घेऊन वाचकाने हिशेब करून पाहावा : आठवड्याचे सहा दिवस राबून मजुराच्या हाती ५ शिलिंग, म्हणजे राय धान्याचे अवघे एक बुशेल, सुमारे २५ किलो, येई. वर्षातील ५ ते ८ आठवड्यांची कमाई केवळ भाड्यात जाई. सूत कातणाऱ्या कष्टाळू स्त्रियांना तर दिवसाला ४ पेन्सपासून फार तर १० पेन्सपर्यंत मिळत. संताच्या दैनंदिनीत धान्याचे भाव कशासाठी, असे कोणाला वाटेल. वूलमनच्या दृष्टीने ती प्रार्थनेचीच सामग्री होती. गरिबाविषयी कळवळा बाळगणाऱ्याला गरिबाचा बाजारहाट ठाऊक असला पाहिजे.

ऑक्टोबर १७७२ मध्ये यॉर्क येथे देवीच्या रोगाने वूलमनचा अंत झाला. त्याची दैनंदिनी १७७४ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे इंग्रजी गद्यातील एक मान्यवर आत्मकथन ठरली.

७. मूल्यमापन

वूलमनच्या मार्गावर काही आक्षेप घेता येतात. पहिला, विक्षिप्तपणाचा. रंगांमुळे कापडातील मळ झाकला जातो आणि कापडाचे नुकसानही होते, म्हणून त्याने बिनरंगी कपडे आणि केसाळ कातड्याच्या मूळ रंगाची टोपी वापरण्यास सुरुवात केली. तेव्हा नेमकी फिकट टोप्यांची फॅशन आलेली असल्यामुळे काहींना तो शौकीन वाटला. काटेकोरपणाची अशीही गंमत होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका शिंप्याने साखर सोडली किंवा चार नाणी वाटली, म्हणून ऊसमळ्यांतील गुलामगिरी थोडीच संपते? ती कायद्याने आणि संघटित चळवळीनेच संपली. पेनसिल्व्हेनियाने क्रमशः मुक्तीचा कायदा १७८० मध्ये केला, वूलमनच्या न्यू जर्सीने १८०४ मध्ये. आणि त्यानंतरही गुलामगिरी पूर्णपणे नाहीशी होण्यास अनेक दशके लागली.

हा आक्षेप खरा आहे. परंतु अपुरा आहे. व्यक्तिगत शुद्धीने समाजव्यवस्था बदलत नाही, हे मान्य केले तरी जी व्यवस्था आपल्या सुखाचा आधार आहे, ती बदलण्याची इच्छा मुळात कोणाला होणार? ज्याने स्वतःच्या ताटातील घासाचा माग काढला, त्यालाच. १७५८ च्या सभेत वूलमनच्या शब्दांना वजन आले, कारण त्या शब्दांची किंमत त्याने आधीच स्वतःच्या धंद्यातून मोजली होती हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. त्याचे आत्मपरीक्षण एकांतात सुरू झाले. पण एकांतात संपले नाही. ते शेजाऱ्याच्या मृत्युपत्रापर्यंत, यजमानाच्या दारापर्यंत आणि सभेच्या ठरावापर्यंत पोहोचले.

आत्मपरीक्षण म्हणजे आपण वाईट आहोत असे म्हणत बसणे नव्हे. माझ्या सोयीसाठी कोण राबले, त्याला काय मिळाले, माझ्या कोणत्या गरजेने त्याच्यावर भार टाकला, आणि पूर्वी झालेल्या अन्यायातील माझा वाटा मी कसा फेडणार, हे विचारणे म्हणजे आत्मपरीक्षण. हे प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेतून आले असले, तरी ते विचारण्यासाठी ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नाही. दान देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली. वूलमनने वरच्या हाताला आपली वही उघडून दाखवण्यास सांगितले. ती वही आज प्रत्येक घरात आहे. ती उघडायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.